त्रेचाळीसावं पान

१ जुलै १९९८ला वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. त्याच पावसाळ्यात, अनसिंगच्या घरी, मी कादंबरीचं पहिलं पान लिहिलं. दोनशे पानी वही, निळा बॉलपेन. पुसदकडे निघालेल्या एसटीत एक माणूस चढतो इथपासून सुरुवात. तो कुठे उतरणार, हे मला अजून ठरवायचं आहे.

मग वह्या वाढत गेल्या. गणेशोत्सवासाठी सुरू केलेली एकांकिका दुसऱ्या प्रवेशावर थांबली. मुलांसाठी वत्सगुल्माचा, म्हणजे जुन्या वाशीमचा, इतिहास लिहायला घेतला. दिवाळी अंकांसाठी कथा निघाल्या, त्यातल्या चार छापून आल्या. आणि जात्यावरच्या ओव्यांची वही. घरातली माणसं म्हणायची, एक ना धड भाराभर चिंध्या. मला ते खरंच लागायचं, कारण एका वहीत अडलो की दुसरी उघडायची, एवढीच माझी रीत होती. पण त्या रीतीनेच मला लिहितं ठेवलं. कादंबरी अडली त्या महिन्यांत कथा झाल्या, आणि कथेतली बाई बोलायला लागली ती ओव्यांच्या वहीतून.

पंचवीस वर्षांनी सगळ्या वह्या एकत्र काढून बसलो तेव्हा एक गोष्ट टोचली. त्या सगळ्या सारख्या थांबून राहणाऱ्या नव्हत्या.

ओव्यांच्या वहीचं त्रेचाळीसावं पान. ओवीची पहिली ओळ आहे, खाली दोन रेघा कोऱ्या. शेजारची म्हातारी माय सांगत होती, मधेच खोकला आला. म्हणाली, "लिहून घे बापू, मंग मले आठवन नाही राहत." मी म्हणालो, "सोयाबीन सोंगून होऊ दे माय, मग निवांत येतो." खरं म्हणजे त्या आठवड्यात मला दिवाळी अंकाची कथा पाठवायची होती. संक्रांतीच्या आधी माय गेली.

गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगावी बायकांपुढे बसून लाखाहून जास्त ओव्या उतरवून घेतल्या. तो आकडा वाचला की मला ती एक ओळच आठवते. घरोघरचं दळण गिरणीवर गेलं तेव्हाच या ओव्यांची मुदत ठरली होती. हे मला कळायला हवं होतं.

इतिहासाच्या वहीतही असंच एक हरवणं आहे. वत्सगुल्माच्या वाकाटक शाखेचा राजा सर्वसेन यानं प्राकृतात 'हरिविजय' हे काव्य लिहिलं. नवव्या शतकात काश्मीरमधल्या आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त त्याची दखल घेतली. मूळ काव्य हरवलं. आज हाती आहेत ते इतरांनी उद्धृत केलेले तुकडे. त्यानं तर पुरं केलं होतं, तरी काळानं तुकडेच ठेवले. मग जे ऐकूनच मिळतं, ते पुढच्या हंगामावर ढकलायचं कशाच्या भरवशावर?

आता क्रम बदलला आहे. कादंबरी कपाटात वरच्या फळीवर. तो माणूस एसटीत बसला आहे, बसू दे. ओव्यांची वही पिशवीत असते.

गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीतल्या एका आजीला मी ती पहिली ओळ वाचून दाखवली. तिनं लगेच दुसरी जोडली, हलक्या आवाजात, डोळे मिटून. पण ती तिची होती, तिच्या माहेराची. मी ती चव्वेचाळीसाव्या पानावर लिहिली. त्रेचाळीसाव्यावरच्या दोन रेघा तशाच कोऱ्या ठेवल्या आहेत.