पहिल्यांदा बोटॉक्स घेताय? सुईआधी समजून घ्या औषध, हिशेब आणि धोका

बोरीवली पश्चिमेला एसव्ही रोड, एलटी रोड किंवा चंदावरकर रोडवरून चालत गेले की ‘स्किन अँड हेअर क्लिनिक’चे फलक नजरेत भरतात. लेझर, केसगळती, पिगमेंटेशन या यादीत आता बोटॉक्सही हमखास असते. एकेकाळी सिनेतारकांपुरती मानली जाणारी ही सुई नोकरदार, लग्नघरातली मंडळी आणि चाळिशीच्या उंबरठ्यावरचे पुरुषही विचारू लागले आहेत. ‘जेवणाच्या सुट्टीत उरकणारे काम’ अशी तिची जाहिरात होते. प्रत्यक्षात ती फेशियलसारखी सेवा नाही. ते डॉक्टरांनी तपासून, मोजून द्यायचे औषध आहे. म्हणूनच पहिली सुई घेण्यापूर्वी काय माहीत असायला हवे?

बोटॉक्स म्हणजे नेमके काय?

बोटॉक्स हे एका ब्रँडचे नाव आहे. औषधाचे नाव बोटुलिनम टॉक्सिन टाइप ए. डिस्पोर्ट, झिओमिन हे त्याच औषधाचे इतर ब्रँड. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूपासून हे विष मिळते. खराब झालेल्या डबाबंद अन्नातून ते शरीरात गेले तर बोटुलिझम हा जीवघेणा आजार होतो. तेच विष अत्यल्प प्रमाणात, नेमक्या स्नायूत दिले की औषध ठरते.

मेंदूचा ‘आकुंचन पाव’ हा निरोप स्नायूपर्यंत पोहोचवायला मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन सुटते. बोटॉक्स हे रसायन सुटूच देत नाही. तार शाबूत, दिवाही शाबूत, फक्त मधले बटण बंद, असा हा प्रकार. स्नायू सैलावतो आणि त्यावरच्या त्वचेला घडी पडत नाही.

सुरकुतीवर त्याचा वापर कधीपासून?

सुरुवात सौंदर्यासाठी झालीच नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर उपाय शोधताना हे औषध विकसित केले. अमेरिकेच्या एफडीएने १९८९मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांच्या अनियंत्रित उघडझापीसाठी त्याला मान्यता दिली. कॅनडातील नेत्रतज्ज्ञ जीन करुथर्स यांच्या रुग्णांच्या भुवयांमधील आठ्याही या उपचारात नाहीशा झाल्या. त्यांनी आणि त्यांचे पती, त्वचारोगतज्ज्ञ ॲलिस्टर करुथर्स यांनी १९९२मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. एफडीएने भुवयांमधील आठ्यांसाठी २००२मध्ये, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसाठी २०१३मध्ये आणि कपाळावरच्या आडव्या रेषांसाठी २०१७मध्ये परवानगी दिली. जुनाट मायग्रेन, काखेतील अतिघाम, आखडलेले स्नायू यांवरही हे औषध वापरले जाते.

सगळ्या सुरकुत्या जातात का?

नाही. कपाळाला आठी घातल्यावर किंवा हसल्यावर उमटणाऱ्या रेषांवर बोटॉक्स उत्तम चालते. चेहरा शांत असतानाही दिसणाऱ्या खोल रेषा फिक्या होतात, पण पूर्ण जातीलच असे नाही. उन्हाने आलेले डाग, वांग किंवा सैल त्वचा यांवर त्याचा उपयोग नाही. भारतीय त्वचेत वय अनेकदा सुरकुत्यांआधी डागांतून दिसते. त्यामुळे काहींना बोटॉक्सपेक्षा सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले रेटिनॉइड मलमच जास्त उपयोगी पडते.

फिलर हा वेगळा प्रकार आहे. बोटॉक्स स्नायू सैल करते, तर फिलर खोलगट जागा भरून काढते. ‘दोन्ही एकच’ असे कुणी सांगत असेल तर तिथेच सावध व्हावे.

पहिल्या भेटीत काय होते?

डॉक्टर आधी कपाळ चढवायला, आठ्या घालायला, डोळे मिटून हसायला सांगतात. कोणता स्नायू किती जोर लावतो, हे त्यातून कळते. आधीचे आजार, औषधे, ॲलर्जी विचारली जाते आणि संमतीपत्रावर सही घेतली जाते. ‘आधीचा’ फोटो काढून ठेवणे तुमच्याही फायद्याचे असते.

सुई अतिशय बारीक असते. भुवयांमधील आठ्यांसाठी साधारण पाच ठिकाणी टोचले जाते आणि काम काही मिनिटांत होते. परिणाम मात्र लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी तो जाणवू लागतो, पूर्ण चित्र दोन आठवड्यांत स्पष्ट होते आणि तीन ते चार महिन्यांत स्नायू पूर्वपदावर येतो. सुई थांबवली म्हणून सुरकुत्या पूर्वीपेक्षा वाढत नाहीत. त्या पूर्वीसारख्या दिसू लागतात.

घरात लग्न असेल तर आदल्या आठवड्यात पहिला प्रयोग नको. किमान महिनाभर आधी घेतल्यास सूज, काळे-निळे डाग किंवा भुवयांतला फरक निस्तरायला वेळ मिळतो.

पैशांचा हिशेब कसा करायचा?

बोटॉक्स ‘युनिट’मध्ये मोजले जाते. युनिट म्हणजे मिलिलिटर नव्हे. ते औषधाच्या ताकदीचे माप आहे. मान्यताप्राप्त मात्रेनुसार भुवयांमधील आठ्यांसाठी २०, दोन्ही डोळ्यांच्या कडांसाठी मिळून २४ आणि कपाळासाठी २० युनिट, म्हणजे तिन्ही भागांना ६४ युनिट लागतात. स्नायूंच्या ताकदीनुसार डॉक्टर ही मात्रा कमी-जास्त करतात. एका ब्रँडचे युनिट दुसऱ्या ब्रँडच्या युनिटइतके नसते, हेही लक्षात ठेवावे.

केवळ हिशेबापुरता युनिटचा दर ३०० रुपये धरला तर २० युनिटचे ६ हजार आणि ६४ युनिटचे १९ हजार २०० रुपये होतात. परिणाम टिकवायचा तर वर्षातून तीन वेळा, म्हणजे ५७ हजार ६०० रुपये. सौंदर्यासाठीच्या उपचारांचा खर्च आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांमध्ये येतो. त्यामुळे हा भार खिशातूनच उचलावा लागतो.

‘स्वस्त पॅकेज’मध्ये मेख कुठे असू शकते?

औषध कुपीत कोरड्या स्वरूपात येते आणि सलाइनमध्ये विरघळवून वापरले जाते. १०० युनिटच्या कुपीत अडीच मिलिलिटर सलाइन घातले तर सिरिंजच्या ०.१ मिलिलिटरमध्ये ४ युनिट येतात. पाच मिलिलिटर घातले तर तेवढ्याच द्रावात फक्त २ युनिट. सिरिंज दोन्ही वेळा सारखीच दिसते. म्हणून ‘किती सुया’ किंवा ‘किती एमएल’ यापेक्षा ‘किती युनिट’ हा प्रश्न महत्त्वाचा.

कुपी समोर दाखवायला सांगा. ब्रँड, बॅच क्रमांक आणि मुदत पाहा, फोटो काढा. न उघडलेली बोटॉक्सची कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची असते आणि द्राव तयार केल्यावर २४ तासांत वापरावा, अशी कंपनीची सूचना आहे. बिलावरही ब्रँड आणि युनिट लिहून घ्यावेत.

धोके कोणते?

टोचल्या जागी दुखणे, डाग पडणे, एक-दोन दिवस डोके दुखणे हे नेहमीचे त्रास. औषध शेजारच्या स्नायूत पसरल्यास पापणी झुकू शकते किंवा भुवया वर-खाली दिसू शकतात. हे हळूहळू बरे होते, पण त्याला काही आठवडे लागतात. फिलरचा एक प्रकार विरघळवता येतो. बोटॉक्सचा परिणाम तसा पुसून टाकणारे औषध नाही.

औषध शरीरात दूरवर पसरण्याचा धोका दुर्मीळ, पण गंभीर आहे. गिळायला त्रास, श्वास अडखळणे, बोलणे जड होणे, एकाची दोन दृश्ये दिसणे किंवा अंगभर अशक्तपणा जाणवला तर क्लिनिकच्या फोनची वाट न पाहता थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा. अमेरिकेत एप्रिल २०२४मध्ये ११ राज्यांतील २२ जणांना बनावट किंवा नीट न हाताळलेल्या इंजेक्शननंतर असा त्रास झाल्याचे तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने जाहीर केले. त्यापैकी ११ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अनेकांनी ही सुई घरी किंवा स्पामध्ये घेतली होती.

कोणी घेऊ नये?

गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या महिलांनी टाळावे. टोचायच्या जागी संसर्ग किंवा औषधाची ॲलर्जी असल्यास घेऊ नये. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायू-मज्जातंतूंचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावेच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे डाग वाढतात, मात्र हृदयविकारासाठी सुरू असलेली गोळी परस्पर बंद करू नये.

डॉक्टरांची खात्री कशी करायची?

‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पाटी म्हणजे वैद्यकीय पदवीचा पुरावा नव्हे. त्वचारोगातील एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल, अथवा प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच अशी पात्रता पाहावी. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२मधील मार्गदर्शक सूचनांनीही कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहणे हे सौंदर्योपचार सुरू करण्यासाठी पुरेसे प्रशिक्षण नसल्याचे बजावले आहे. सुई प्रत्यक्ष कोण देणार, हेही विचारा. सल्ला डॉक्टरांचा आणि सुई मदतनिसाची, असे चालवून घेऊ नका.

डॉक्टरांविरुद्ध तक्रार कौन्सिलकडे, बनावट औषधाची अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते. तेव्हा बिल, संमतीपत्र आणि कुपीचा फोटो हेच हाती असलेले पुरावे असतात.

नंतर काय पाळायचे?

त्या दिवशी चेहरा चोळणे, फेशियल आणि जोराचा व्यायाम टाळा. साधारण चार तास आडवे होऊ नका, असे डॉक्टर सांगतात. शक्य असेल तर त्या दिवशी ऐन गर्दीची लोकलही टाळलेली बरी. दोन आठवड्यांनी तपासणीला जा आणि पुढची सुई तीन महिन्यांच्या आत घेऊ नका. लवकर आणि वारंवार घेतल्यास औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन ते निष्प्रभ ठरू शकते.

आणि पहिल्या भेटीतच सुई टोचून घ्यायला हवी, असे मुळीच नाही. ‘आजच घेतली तर सवलत’ असा आग्रह झाला तर सल्ल्याची फी देऊन घरी यावे, चार दिवस विचार करावा. आठ्या कुठे पळून जात नाहीत. घाईत घेतलेली सुई मात्र पुढचे तीन महिने चेहऱ्यावर राहते.