आधी चालून दाखवा

कांदिवलीत फिजिओथेरपीची प्रॅक्टिस सुरू करून आता दोन तपं होऊन गेली. या काळात पेशा किती पुढे आला हे मी यंत्रांवरून ठरवत नाही. पेशंट कोणाच्या सांगण्यावरून येतो आणि त्याला आधी कोण तपासतं, यावरून ठरवते.

मुंबईत हा पेशा पोलिओमुळे रुजला. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, साथीनंतर, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा निघाली. 1955 मध्ये फिजिओथेरपिस्टांची देशव्यापी संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी हाजी अलीची पुनर्वसन संस्थाही. स्नायूची ताकद हाताने अजमावून तिला शून्य ते पाच श्रेणी द्यायची पद्धत आम्ही आजही वापरतो, तीही पोलिओच्या मुलांवरच घडत गेली. माझ्या पिढीला शिकवणाऱ्या कित्येकांचे हात त्याच कामावर तयार झाले होते.

स्नायूंइतकंच आम्हाला हालचालींचं शास्त्र, म्हणजे किनेसिओलॉजी, लागतं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात 2013 पासून किनेसिओलॉजिस्टांची रीतसर नोंदणी होते. आपल्याकडे किनेसिओलॉजी हा फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमातला एक विषय. परीक्षा झाली की पुस्तक माळ्यावर जातं. माझं अख्खं करिअर मात्र त्याच विषयावर उभं राहिलं.

सुरुवातीला स्वतःची जागा परवडण्यासारखी नव्हती. एका फॅमिली डॉक्टरांनी दवाखान्यातली मागची खोली संध्याकाळपुरती दिली. तिथे एक टेबल, दुखण्यावर विजेचा सौम्य प्रवाह देणारं, हप्त्यांवर घेतलेलं आयएफटीचं मशीन आणि शेकाचा दिवा. सकाळी चारकोप, महावीर नगर, ठाकूर व्हिलेज अशा घरच्या व्हिजिट. खरी कमाई त्या व्हिजिटवरच व्हायची आणि खरं शिक्षणही तिथेच झालं. अर्धांगवायूचा पेशंट इस्पितळाच्या जिममध्ये छान उभा राहतो. चारकोपच्या बैठ्या घरात मोरीचा उंबरठा ओलांडताना त्याचा पाय अडकतो. मग व्यायाम त्या उंबरठ्यावरच घ्यावा लागतो.

त्या काळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सगळं आधीच लिहिलेलं असायचं: गुडघ्याला शेक, दहा दिवस. आम्ही फक्त मशीन लावायचं. काही ठिकाणांहून पेशंटामागे कटही मागितला गेला. तो न दिल्याने काही चिठ्ठ्या बंद झाल्या, आणि ती दोन-तीन वर्षं फार ओढाताणीची गेली.

पन्नाशीच्या एका काकू आठवतात. दुसरीकडे शेक घेऊन झाला होता, पण स्टेशनचा पूल उतरताना उजवा गुडघा अजून दुखत होता. चढताना कमी, उतरताना जास्त. ते साहजिकच आहे, कारण जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे शरीराच्या वजनाच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त दाब येतो. मी त्यांना म्हटलं, "काकू, आधी चालून दाखवा." पॅसेजमध्ये त्या चालल्या आणि उजव्या पायावर भार आला की डावीकडची कंबर खाली जात होती. म्हणजे कच खात होता उजव्या खुब्याच्या बाजूचा स्नायू, ग्लुटियस मीडियस. त्याने कंबर समतोल धरली नाही की मांडी आत वळते आणि ताण गुडघ्यावर येतो. मशीन बाजूला ठेवलं. कुशीवर झोपून पाय उचलायचा आणि रोज चहा उकळेपर्यंत ओट्याला हात लावून उजव्या पायावर उभं राहायचं, कंबर सरळ ठेवून, एवढंच दिलं. दुखणं उतरायला काही आठवडे लागले. पण त्यानंतर त्यांच्या बिल्डिंगमधून चिठ्ठीशिवाय पेशंट येऊ लागले. माझ्या प्रॅक्टिसचा जम बसला तो असा, एकेका बिल्डिंगने.

कायदा मागून आला. राज्याची ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषद 2002 च्या अधिनियमाने आली आणि नोंदणी नसलेल्या 'फिजिओ'च्या पाट्यांवर बोट ठेवता येऊ लागलं. 2021 मध्ये केंद्राचा कायदा झाला. सप्टेंबर 2025 मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावामागे 'डॉ.' लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. त्या उपाधीवर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंपेक्षा मला स्वतंत्र तपासणीचा हक्क कितीतरी मोलाचा वाटतो.

दरम्यान कांदिवलीही बदलली. टॉवर उठले, लिफ्ट आल्या, 2 एप्रिल 2022 ला डहाणूकरवाडीहून मेट्रो सुटली. आकुर्ली रोडवरच्या स्पोर्ट्स ऑथॉरिटीच्या केंद्रामुळे खेळणारी मुलं इथे पूर्वीपासून होतीच. आता त्यांचे आईवडील घोटा मुरगळल्यावर आधी फिजिओकडे येतात. कोविडनंतर पलंगावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या तिशीतल्या मानांची रांग लागली. त्यांना व्यायाम नको असतो, स्नायूवर चिकटवायची टेप हवी असते. टेप मी लावते, पण व्यायाम दाखवून, त्यांच्याकडून तो करून घेतल्यावरच.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. हुशार मुली शिकून बाहेर पडतात, इथला पगार बघतात आणि दोन-तीन वर्षांत कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या परीक्षांना बसतात. त्यांना दोष देववत नाही. ज्या इथेच राहायचं म्हणतात, त्यांना मी सांगते: क्लिनिकचं डिपॉझिट भरायची घाई करू नका. आधी दोन वर्षं मोठ्या इस्पितळात काढा, मग वर्षभर घरच्या व्हिजिट करा. मशीन त्यानंतर घ्या, आणि घ्याल ते सेकंडहँडच घ्या.