परसातल्या गोगलगायी आणि पाण्याची वेळ

काल लावलेली कोबीची रोपे सकाळी कुरतडलेली दिसली, पानांना वेडीवाकडी भोके पडली आणि मातीवर वाळल्या शेंबडासारखी चकचकीत रेघ उमटली असेल, तर अळीचे औषध आणायला धावू नका. ते काम गोगलगायीचे. शंखवालीचे किंवा बिनशंखाचीचे. अळीचे औषध तिला फारसे लागू पडत नाही.

तिचे सारे अंग ओले. कोरड्या मातीवरून चालताना अंगातले पाणी खर्ची पडते, म्हणून दिवसा ती दगडाखाली, पाल्यात दडते आणि रात्री निघते. आता आपली रीत पाहा. दिवसभर शेतात राबून आल्यावर दिवेलागणीला आपण परसात दोन घागरी शिंपडतो. म्हणजे तिची निघायची वेळ आणि आपण सडा घालून वाट मोकळी करून देतो! तेच पाणी सकाळी द्या. संध्याकाळपर्यंत वरची माती सुकते, मुळाशी ओल राहते. सकाळी स्वयंपाकाची घाई असते हे खरे. शाळेत जाण्याआधी मुलांच्या हाती तांब्या द्या. विजेची पाळी रात्रीची असेल तर शेतात इलाज नसतो, पण परसातल्या चार वाफ्यांना बादली पुरते.

पाणी शिंपडू नका, बुडाशी आळ्यात ओता. दोन ओळींमधली जागा कोरडी राहू द्या. मोठ्या झाडांना वरची माती बोटभर सुकल्यावरच पाणी द्या. नुकत्या उगवलेल्या मेथी-कोथिंबिरीला मात्र हा नियम लावू नका. तिला रोज हलके पाणी हवे, तेही सकाळीच.

खरी गोम मोरीच्या पाण्यात आहे. ते अळू-केळीत सोडलेले असते, तिथे बारमाही चिखल. गोगलगायींचे माहेरच ते! दोन चर काढा आणि पाणी आलटून पालटून सोडा. जवळची फुटकी कौले, सडकी लाकडे उचला.

पावसाळ्यात पाण्याची वेळ आपल्या हाती नसते. जुलै 2022 मध्ये लातूर, बीड भागात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली होती. अशा दिवसांत गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याकडेला ठेवा. सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हाताला पिशवी गुंडाळून उचला व साबणाच्या पाण्यात टाका. वाफ्यात मीठ टाकू नका, माती बिघडते. बाजारातल्या विषारी गोळ्या कोंबड्या, कुत्री फिरतात त्या परसात नकोतच.