कांदा निर्यातीचे धोरण आणि आपले गाव

कांद्याचे पीक शेतात तयार होत असले, तरी त्याचा भाव पुष्कळ अंशी शेताबाहेर ठरतो. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव व पिंपळगाव बसवंत येथील बाजारांचा अलीकडील अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

देशातील ग्राहकास कांदा महाग पडू नये, म्हणून केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२३ रोजी निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस किमान निर्यात मूल्य टनास ८०० डॉलर ठरले आणि ८ डिसेंबरपासून निर्यात बंद झाली. ती ४ मे २०२४ रोजी खुली झाली. पण ४० टक्के शुल्क व टनास ५५० डॉलरचे किमान मूल्य राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य रद्द होऊन शुल्क २० टक्क्यांवर आले व १ एप्रिल २०२५ पासून तेही उठले.

शुल्क बंदरावर व्यापारी भरतो हे खरे. परंतु परदेशी ग्राहक वाढीव किंमत देण्यास राजी नसेल, तर तोच व्यापारी लिलावात बोली कमी लावतो. अशा रीतीने त्याचा भार शेतकऱ्याच्या गोणीवर येतो. निर्यात थांबली म्हणजे खळ्यांवरील प्रतवारीचे काम मंदावते; निवड करणाऱ्या स्त्रिया, हमाल, बारदानवाले व मालमोटारवाले या सर्वांची रोजी घटते.

तथापि, हा आघात सर्वांवर सारखा होत नाही. डिसेंबरात येतो तो खरिपाचा लाल कांदा. तो टिकत नाही. भाव पडला तरी विकावाच लागतो. उन्हाळी कांदा मात्र चांगल्या चाळीत चार-पाच महिने राहतो. ज्याचा माल थांबू शकतो, त्याला धोरण बदलेपर्यंत थोडी तरी उसंत मिळते.

सबब, शेतकरी बंधूंनी सर्व भिस्त एकाच हंगामावर ठेवू नये. उन्हाळी कांद्यास लागवडीनंतर साठ दिवसांनी नत्र देऊ नये. निम्म्या माना पडल्यावर काढणी करावी, कांदा पातीसह शेतात व नंतर सावलीत सुकवावा, मान थोडी राखून पात कापावी. चाळीत खालून हवा खेळती असावी आणि थर पाच फुटांहून उंच नसावा. साठविलेला सर्व माल एकाच भावाच्या आशेवर धरून न ठेवता टप्प्याटप्प्याने विकावा, कारण साठवणीत घट ही होतेच.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावात लाल कांदा किती, उन्हाळी किती व चाळींची जागा किती, याची नोंद लागवडीपूर्वीच करावी. निर्यातीचा नवा आदेश निघताच तो चावडीवर वाचून दाखवावा व त्याचा अर्थ समजावून द्यावा. धोरण ठरविणे गावाच्या हाती नाही; त्याची वार्ता वेळेवर मिळविणे व त्यास तोंड देण्याची तयारी ठेवणे मात्र निश्चितच आहे.