जॉन डिंगेल यांचे आरोग्यविमाविषयक कार्य

जॉन डेव्हिड डिंगेल, धाकटे (८ जुलै १९२६ – ७ फेब्रुवारी २०१९) हे अमेरिकेच्या मिशिगन राज्यातून निवडून येणारे डेमोक्रॅटिक पक्षाचे लोकप्रतिनिधी होते. डिसेंबर १९५५ ते जानेवारी २०१५ अशी ५९ वर्षे ते अमेरिकन काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाचे, म्हणजेच हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जचे, सदस्य होते. काँग्रेसच्या इतिहासातील हा सर्वांत दीर्घ कार्यकाळ होय. (अमेरिकेत काँग्रेस हे पक्षाचे नव्हे, तर संसदेचे नाव आहे.) सर्व नागरिकांना परवडणारे वैद्यकीय उपचार मिळावेत, हा त्यांच्या राजकीय जीवनातील सर्वांत जुना आग्रह होता आणि तो त्यांना वारशाने मिळाला होता.

वडिलांचे विधेयक

त्यांचे वडील जॉन डिंगेल, थोरले हे १९३३ पासून डेट्रॉइटचे प्रतिनिधी होते. तरुणपणी त्यांना क्षयाने गाठले. हवापालटासाठी ते कोलोरॅडोत जाऊन राहिले आणि धाकट्या जॉन यांचा जन्म तेथेच, कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे झाला. औषधोपचाराचा खर्च सामान्य कुटुंबास कसा पेलवत नाही, हे या घराला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९४३ मध्ये थोरल्या डिंगेल यांनी सिनेटर रॉबर्ट वॅग्नर आणि जेम्स मरे यांच्यासह राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना असलेले विधेयक मांडले. कामगार व मालक यांच्याकडून वेतनाच्या प्रमाणात कर घ्यावा आणि त्यातून उपचारांचा खर्च भागवावा, अशी त्यातील कल्पना होती. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने अशा योजनांना ‘समाजवादी वैद्यक’ ठरवून कडाडून विरोध केला. पुढे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी राष्ट्रीय विम्याचा पुरस्कार केला, तरीही विधेयक संमत झाले नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये थोरल्या डिंगेल यांचे निधन झाले आणि रिक्त जागेवर २९ वर्षांचा मुलगा निवडून आला.

मेडिकेअर आणि नंतर

अमेरिकन काँग्रेसची मुदत दोन वर्षांची असते. ती संपली की प्रलंबित विधेयके आपोआप रद्द होतात व नव्याने मांडावी लागतात. धाकटे डिंगेल प्रत्येक नव्या काँग्रेसच्या आरंभी राष्ट्रीय आरोग्यविम्याचे विधेयक मांडत राहिले. ते संमत होण्याची चिन्हे बहुतेक वेळा नव्हती. तरीही यास निव्वळ उपचार म्हणता येत नाही, कारण विषय कामकाजातून पुसला जाऊ नये एवढे तरी त्यातून साधत होते.

मधल्या काळात अंशतः यश आले. ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजनांचे विधेयक ८ एप्रिल १९६५ रोजी कनिष्ठ सभागृहाने ३१३ विरुद्ध ११५ मतांनी संमत केले. त्या वेळी अध्यक्षस्थानी डिंगेल होते. त्यांनी वापरलेला लाकडी हातोडा त्यांनी जपून ठेवला.

२०१० चा कायदा

वाहन उद्योगाचे कैवारी म्हणून डिंगेल यांच्यावर पर्यावरणवाद्यांनी सातत्याने टीका केली. २००८ च्या अखेरीस ऊर्जा व वाणिज्य समितीचे अध्यक्षपदही त्यांना हेन्री वॅक्समन यांच्याकडून गमवावे लागले. मात्र जुलै २००९ मध्ये सभागृहातील आरोग्यसुधारणा विधेयक त्यांच्याच नावाने मांडले गेले. ऑगस्टमध्ये मिशिगनमधील रोम्युलस येथे भरलेल्या त्यांच्या जाहीर सभेत विरोधकांनी आरडाओरडा केला.

अखेर कायदा झाला तो सिनेटच्या मसुद्यावरून. २१ मार्च २०१० रोजी तो २१९ विरुद्ध २१२ मतांनी संमत झाला. एकाही रिपब्लिकन सदस्याने अनुकूल मत दिले नाही. त्या दिवशी सभापती नॅन्सी पेलोसी यांच्या हाती डिंगेल यांचा १९६५ मधील हातोडा होता. आधीच जडलेल्या आजाराचे कारण दाखवून विमा नाकारण्यास या कायद्याने बंदी घातली, मेडिकेडची व्याप्ती वाढवली आणि मुलांना २६ व्या वर्षापर्यंत पालकांच्या विम्यात राहण्याची मुभा दिली. तथापि तो थोरल्या डिंगेल यांच्या योजनेपेक्षा मुळातच वेगळा होता. खासगी विमा कंपन्या कायम राहिल्या आणि सभागृहाच्या मसुद्यात असलेली सरकारी विम्याची पर्यायी योजना वगळली गेली. डिंगेल यांनी ही तडजोड स्वीकारली.

२०१५ पासून त्यांच्या पत्नी डेबी डिंगेल सभागृहाच्या सदस्य आहेत. सर्वांसाठी एकच सरकारी विमा असावा, असे विधेयक त्यांनी प्रमिला जयपाल यांच्यासह २०२१ मध्ये मांडले. ते संमत झाले नाही.