बैलांच्या घरातला मुक्काम

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी आधी प्रश्नावली बाजूला ठेवायला लावते. विचारलं की माणूस योग्य वाटेल ते सांगतो. तो वागतो कसा, हे शेजारी राहिल्याशिवाय कळत नाही. क्षेत्रकार्य म्हणजे हे राहणं.

मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्याकडे आणि पुढे ऑक्सफर्डला शिकलेले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहायला गेले. लिखाणात त्यांनी गावाला ‘रामपुरा’ हे टोपणनाव दिलं. मुक्काम गावच्या पाटलाच्या बैलांच्या घरात. तिथल्या गप्पा, भांडणं, पेरणी, जमिनीचे तंटे बघता बघता त्यांच्या लक्षात आलं, की पोथीतली उतरंड आणि गावातली सत्ता एक नव्हे. ब्राह्मण मानाने वर, पण शब्द चालायचा जमीन आणि माणूसबळ असलेल्या ओक्कलिग शेतकऱ्यांचा. ‘प्रबळ जात’ ही संकल्पना अशा निरीक्षणातून घडली. घरात बसून ती सुचली नसती, असं माझं ठाम मत आहे.

अर्थात, पाटलाचा पाहुणा गाव पाटलाच्या बाजूनेच जास्त बघतो. दलित वस्तीतून तेच गाव वेगळं दिसलं असतं. आपलं चित्र वरच्या जातींच्या नजरेतलं आहे, हे श्रीनिवासांनी स्वतःच नोंदवलं. म्हणून मला ते मोठे वाटतात.

१९७० साली स्टॅनफर्डमध्ये लावलेल्या आगीत त्यांनी वर्षानुवर्षं खपून तयार केलेल्या या गावावरच्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. मग त्यांनी गावावरचं पुस्तक आठवणीतून लिहिलं. ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ १९७६ मध्ये प्रसिद्ध झालं. मिळेल तिथून मिळवून ते जरूर वाचा.