वरून की समोरून? धुण्याचं मशीन घेताना



जुनं वॉशिंग मशीन घरघर करून एकदाचं बंद पडलं, की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. टॉप लोडिंग घ्यायचं की फ्रंट लोडिंग? म्हणजे कपडे वरून टाकायचं की समोरून? मुलगा म्हणतो, समोरचं घेऊ, पाणी कमी लागतं. सून म्हणते, वरचं बरं, धुणं लवकर आटपतं. दुकानदार तिसरंच सांगतो. आणि जी आजी दिवसभर घरात असते, निम्म्याहून जास्त धुणं जी लावते, तिला मात्र कोणी विचारत नाही! हा लेख तिच्यासाठी आहे, आणि तिला मदत करणाऱ्या नातवंडांसाठीही.

धुण्याचा वार

धुणं ही आपल्याकडे क्षुल्लक गोष्ट कधीच नव्हती. शब्बाथच्या मानासाठी गुरुवारी कपडे धुवावेत, असा नियम एज्रा सोफेर यांनी घालून दिला, असं तलमूद सांगतो. मिश्नात आणखी एक मजेशीर नोंद आहे. रब्बान शिमोन बेन गमलिएल यांच्या वडिलांच्या घरी पांढरे कपडे शब्बाथच्या तीन दिवस आधीच धोब्याकडे जात. त्यावरून तलमूदातल्या पंडितांनी काढलेला निष्कर्ष कुठलीही गृहिणी मान्य करील : रंगीत कपड्यांपेक्षा पांढरे धुवायला कठीण!

दारफळणीच्या सणाला, म्हणजे किप्पूरला, पांढरे कपडे घालायची आपली रीत. त्यामुळे ही अडचण आपल्याला चांगलीच ठाऊक आहे.

दगड आणि रवी

मुलांनो, आधी ही दोन मशीनं कपडे कशी धुतात ते समजून घ्या.

तुमच्या पणजीच्या वेळी कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, विहिरीवर किंवा तळ्यावर धुणं होई. कपडा भिजवायचा आणि दगडावर आपटायचा. मुंबईत जेकब सर्कलच्या बाजूला, मागेन हसिदीम सिनेगॉगच्या आसपास राहिलेल्यांना महालक्ष्मीचा धोबीघाट माहीत असेल. तिथेही तेच. फ्रंट लोडिंग मशीन हेच काम करतं. त्याचा ड्रम आडवा असतो. तळाशी थोडंसं पाणी. ड्रम मिनिटाला सुमारे 50 फेरे घेतो, कपडे वर उचलतो आणि खाली पाण्यात आपटतो. निम्मं काम पृथ्वीचं गुरुत्वाकर्षणच करतं.

जुन्या पद्धतीच्या टॉप लोडिंगमध्ये मधोमध एक जाड दांडा असतो. आजी रवीनं ताक घुसळते ना, तसा तो पाण्यात बुडालेले कपडे घुसळतो. कपडे तरंगायला हवेत, म्हणून पाणी भरपूर लागतं. आता बिनदांड्याचं टॉप लोडिंगही मिळतं. त्यात तळाशी एक चकती फिरते, पाणी कमी लागतं आणि जागाही जास्त मिळते.

अमेरिकेला वरचं का आवडलं?

गंमत म्हणजे अमेरिकेत घरगुती वापराचं पहिलं आपोआप चालणारं मशीन समोरूनच उघडणारं होतं. ते बेंडिक्स कंपनीनं 1937 साली आणलं. पण ते इतकं हादरायचं की जमिनीला बोल्टनं ठोकून बसवावं लागे. महायुद्ध संपल्यावर, 1947 साली, वरून उघडणारी मशीनं बाजारात आली. ती ठोकावी लागत नव्हती, वाकावं लागत नव्हतं, राहिलेला मोजा मध्येच टाकता येई. पाणी स्वस्त होतं. लोकांनी तीच उचलली. युरोपात मात्र घरं लहान, म्हणून तिथे समोरून उघडणारं मशीन रुजलं. आपल्यापैकी पुष्कळांनी तर मुंबईत 1980 च्या दशकात दोन टबांचं मशीन पाहिलं. एका टबात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं.

1997 साली अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं एक मोठा प्रयोग केला. कॅन्सस राज्यात बर्न नावाचं जेमतेम 200 वस्तीचं गाव आहे. तिथल्या शंभरएक घरांतली जुनी मशीनं काढून मेटॅग कंपनीची समोरून उघडणारी बसवली आणि हजारो धुण्यांचं मोजमाप ठेवलं. दर धुण्यामागे पाणी सुमारे 41 गॅलनवरून 26 गॅलनवर आलं. विजेची आणि गरम पाण्याची मिळून ऊर्जा निम्म्याहून जास्त वाचली.

आपल्या हिशेबात सांगायचं, तर 15 लिटरच्या दहा बादल्यांऐवजी साडेसहा बादल्या! आता एनर्जी स्टारचं निळं चिन्ह असलेल्या मोठ्या मशीनला सुमारे 14 गॅलन, म्हणजे साडेतीन बादल्या पुरतात. हे चिन्ह दोन्ही प्रकारच्या मशीनांना मिळतं. मशीनवर चिकटवलेली पिवळी पट्टीही वाचा. वर्षाला अंदाजे किती खर्च येईल ते तिच्यावर छापलेलं असतं.

पण आजीची कंबर?

पाणी वाचलं, छान झालं. पण हे मशीन चालवणार कोण? खरा प्रश्न हा आहे.

टॉप लोडिंगसमोर सरळ उभं राहता येतं. गुडघे दुखत असतील तर हे मोठं सुख. पण नव्या मशीनचा टब खोल असतो. पाच फुटांच्या आतबाहेर उंची असलेल्या बाईचा हात तळाशी पोचत नाही. ती टाचा उंचावते, पोट कडेवर टेकवते आणि ओली चादर वर ओढते. ओल्या सुती चादरीचं वजन काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. खांदा धरलेल्या माणसाला हे जमत नाही.

फ्रंट लोडिंगमध्ये कपडे नुसते पुढे ओढून खालच्या टोपलीत पाडायचे. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यालाही ते जमतं. शिवाय हे मशीन जोरात पिळतं, पुष्कळांत मिनिटाला 1,200 फेरे किंवा त्याहून जास्त. त्यामुळे कपडे हलके निघतात आणि ड्रायरही कमी वेळ लावावा लागतो. पण दार खाली असतं, वाकावं लागतं. यावर उपाय म्हणजे मशीनखाली बसवायचा चौथरा. तो फूटभर किंवा जरा जास्त उंची देतो, पण बहुधा त्याचे पैसे वेगळे पडतात. आधीच विचारून घ्या. मशीनवर ड्रायर चढवायचा असेल तर त्याची बटणं हाताला येतात का, तेही पाहा.

म्हणून आजीला दुकानात घेऊन जा. घरून एक मोठा टॉवेल न्या. तिला तो टबाच्या तळाशी टाकू द्या आणि परत काढू द्या. मग समोरच्या मशीनपुढे वाकू द्या. दहा मिनिटांत उत्तर मिळेल. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, कारण ज्याचे गुडघे दुखतात आणि ज्याचा खांदा दुखतो, त्यांची मशीनं वेगळी.

घर कसं आहे?

न्यूयॉर्कच्या पुष्कळ इमारतींत फ्लॅटमध्ये मशीन ठेवायला परवानगीच नसते, बेसमेंटमध्ये जावं लागतं. मशीन मागवण्यापूर्वी इमारतीचे नियम विचारा. जागा लहान असेल तर 24 इंच रुंदीचं समोरचं मशीन आणि त्यावर ड्रायर, ही जोडी बसते. टॉप लोडिंगवर असं काही रचता येत नाही, झाकण उघडणार कसं? वरच्या मजल्यावर लाकडी जमीन असेल तर फ्रंट लोडिंगचं पिळणं खालच्या शेजाऱ्यालाही ऐकू जातं. चारही पाय नीट टेकलेले आहेत ना, हे बसवणाऱ्याकडून तपासून घ्या.

आपले कपडे

साडी मधल्या दांड्याला अशी गुंडाळली जाते की सोडवताना नाकी नऊ येतात. समोरच्या किंवा बिनदांड्याच्या मशीनमध्ये ती जास्त सुखरूप राहते. तरीही घडी करून जाळीच्या पिशवीत घाला. जरीची साडी मात्र मशीनच्या वाटेला नेऊच नका. तालीथ लोकरीचा असेल तर तोही दूर ठेवा. सुती असेल तर सिसिथ हलके बांधून, जाळीच्या पिशवीत, थंड पाण्यात.

कालवणाच्या हळदीचा डाग कुठल्याच मशीनला भीत नाही. मुलांनो, एक प्रयोग करा. जुन्या पांढऱ्या फडक्यावर हळद लावा आणि साबण चोळा. डाग लाल होईल! हळदीतला रंग साबणातल्या अल्कलीनं बदलतो. मग फडकं धुऊन उन्हात टाका. ऊन तो रंग हळूहळू खाऊन टाकतं. आजी पांढरे कपडे दांडीवर वाळत घालायचा हट्ट का धरते, ते आता कळलं ना?

नीळ थेट मशीनमध्ये ओतू नका, निळे ठिपके पडतात. बादलीत विरघळवून कपडा त्यातून काढा.

साबण आणि वास

फ्रंट लोडिंगबद्दलची सर्वांत मोठी तक्रार म्हणजे कुबट वास. दाराभोवतीच्या रबराच्या घडीत पाणी आणि साबणाचा थर साचतो आणि बुरशी धरते. उपाय सोपे आहेत. धुणं झालं की ती घडी फडक्यानं पुसा आणि दार थोडं उघडं ठेवा. महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवा. साबण "एच. ई." लिहिलेलाच वापरा, म्हणजे कमी फेसाचा. दोन मोठे चमचे पुरतात. फेस जास्त म्हणजे कपडे स्वच्छ, ही आपली जुनी समजूत इथे उपयोगाची नाही. जास्त फेस कपड्यांतच राहतो आणि अंगाला खाज सुटते.

आणि एक ताकीद. मशीन साफ करताना ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

अंथरुणावरचं प्लॅस्टिकचं किंवा पाणी न शोषणारं कापड जोरात पिळायला लावू नका. त्यात पाणी अडकतं, तोल जातो आणि मशीन हादरतं. 2016 च्या नोव्हेंबरात सॅमसंगची वरून उघडणारी सुमारे 28 लाख मशीनं दुरुस्तीसाठी किंवा बदलून देण्यासाठी जाहीर करावी लागली. जोरात पिळताना वरचा भाग निघून येण्याचा धोका होता. आजारी माणसाचं अंथरूण धुणाऱ्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

शुक्रवारची दुपार

दांड्याचं टॉप लोडिंग बहुधा तासाच्या आत आटपतं. फ्रंट लोडिंगला तासाहून जास्तही लागतो, आणि धुणं चालू असताना दार कुलुपबंद राहतं. हिवाळ्यात इथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवे लावायच्या घाईत मशीन अडकून बसलं तर ओले कपडे आतच राहतील. शुक्रवारी लावलेलं मशीन शब्बाथमध्ये चाललं तर चालेल का, हे आपापल्या रब्बींना विचारावं. पण सोपा मार्ग एज्रांनी आधीच दाखवलेला आहे : धुणं गुरुवारी!

लहान मुलं घरात असतील तर

समोरचं दार लहान मुलांच्या उंचीला येतं आणि ड्रम त्यांना गुहेसारखा वाटतो. मुलांनो, मशीनच्या आत कधीही शिरायचं नाही, लपाछपी खेळतानासुद्धा नाही. मोठ्यांनी चाइल्ड लॉक वापरावं. रंगीत गोळ्यांसारखे दिसणारे साबणाचे पॉड उंच कपाटात ठेवावेत. विस्मरण होणाऱ्या वृद्धांनीही ते खाऊ समजून तोंडात घातल्याचे प्रकार या देशात घडले आहेत. तसं झालं तर पॉयझन कंट्रोलचा नंबर 1-800-222-1222, चोवीस तास चालू.

मग कुठलं घ्यायचं?

खांदा दुखत असेल, उंची कमी असेल, साड्या जास्त असतील, जागा लहान असेल तर समोरचं, आणि जमलं तर चौथऱ्यावर. गुडघे आणि कंबर वाकत नसेल, जमीन लाकडी असेल, पैसे बेतानं खर्चायचे असतील, रबर पुसत बसायला नको असेल तर वरचं, पण हात तळाशी पोचेल असं. बटणं काहीही असोत, गोल फिरवायचा खटका असलेलं मशीन म्हाताऱ्या बोटांना आणि डोळ्यांना सोपं जातं.

घरात मशीन आलं की नातवंडांनी एक काम करावं. "पांढरे", "रंगीत", "साड्या" असं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ज्या त्या बटणाशेजारी चिकटवावं. रोजच्या बटणावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्यावा, म्हणजे चष्म्याशिवाय बोटाला कळेल. मराठी लिहिता येत नसेल तर आजीकडून शिकून लिहा. तेवढाच अभ्यास!

या देशात आल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांची पुष्कळ कामं दुसऱ्यांच्या हाती गेली. बँकेचं, डॉक्टरचं, बाजाराचं, सगळ्याला मुलगा नाहीतर मुलगी सोबत लागते. आपला सदरा, आपलं लुगडं आपण धुणं एवढं तरी त्यांच्या हाती राहावं. मशीन निवडताना पाण्याचा आणि पैशाचा हिशेब जरूर करा, पण ते त्यांना एकट्यानं लावता येईल ना, हे सर्वांत आधी पाहा. मग दारफळणीच्या सणाचे पांढरे कपडे, तीन दिवस आधी, ती स्वतःच धुऊन ठेवील.